मिकच्या सोलो अल्बमांनी स्टोन्सचं नुकसानच केलं

दगडफूल:
बँडबाहेरच्या उद्योगांचं कौतुक फार होतं, म्हणून रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा हिशेब मांडतो. १९८३ मध्ये स्टोन्सचा सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी नवा करार झाला आणि त्यालाच चिकटून गायक मिक जॅगरचा स्वतःच्या अल्बमांचा वेगळा करार. गिटारवादक कीथ रिचर्ड्सला हे मागाहून कळलं. १९८५ मध्ये मिकचा 'शीज द बॉस' आला आणि अमेरिकेत १३व्या क्रमांकापर्यंत चढला. आता १९८६चा स्टोन्सचा 'डर्टी वर्क' काढा आणि गाण्यांखालची नावं वाचा. दहा गाणी. त्यातली दोन दुसऱ्यांची, चारांत दुसरा गिटारवादक रॉनी वुडचा वाटा, एकात कीबोर्डवाल्या चक लेव्हेलचा. निव्वळ जॅगर-रिचर्ड्स म्हणावीत अशी उरतात तीन. कीथ दोन गाण्यांत मुख्य आवाज लावतो, तोवर एका अल्बमात एवढं कधी झालं नव्हतं. का? गाणारा आपला माल दुसऱ्या दुकानात ठेवून आला होता.

वर 'डर्टी वर्क'च्या दौऱ्याला मिकने नकार दिला, आणि १९८८ मध्ये जो सॅट्रियानीला गिटारवर घेऊन जपानला गेला. तिथे गायला काय? बरीचशी स्टोन्सचीच गाणी. फड फुटायला आणखी काय लागतं?

पाचतारी:
नावं बरोबर वाचलीत, निदान चुकलं. 'डर्टी वर्क'च्या वेळी ड्रमर चार्ली वॉट्स व्यसनात बुडालेला होता. 'स्लीप टुनाइट'वर ड्रम रॉनी वुड वाजवतो, यातच सगळं आलं. डिसेंबर १९८५ मध्ये इयन स्ट्युअर्ट गेला. पियानो वाजवणारा, आणि खोलीत सगळ्यांना चार शब्द सुनावू शकणारा एकमेव माणूस. त्यात स्टीव्ह लिलीव्हाइटच्या निर्मितीतला तो ऐंशीच्या दशकातला स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), फटका पडताच गुंज मध्येच कापलेली. मिक रोज वेळेवर आला असता तरी हा अल्बम स्टोन्सचा गाजलेला 'एक्झाइल' झाला नसता.

आणि त्याच भांडणातून काय निघालं ते तुम्ही सोडून दिलंत. मिक नाही म्हणाला म्हणून कीथने एक्स-पेन्सिव्ह वायनोज जमवले: स्टीव्ह जॉर्डन, चार्ली ड्रेटन, वॉडी वॉक्टेल, आयव्हन नेव्हिल. १९८८चा 'टॉक इज चीप' त्यांचा. जॉर्डन त्यात नुसता ड्रमर नाही, कीथबरोबर लिहिणारा आणि निर्माताही. ऑगस्ट २०२१ मध्ये चार्ली वॉट्स गेला, तेव्हा दौरा महिन्याभरावर होता. आधीच ठरलेला बदली माणूस कोण? जॉर्डन. २०२३च्या 'हॅकनी डायमंड्स'मध्ये चार्ली दोनच गाण्यांत आहे, बाकी जिथे ड्रम आहेत तिथे जॉर्डन. म्हणजे स्टोन्स आज उभे आहेत ते ज्याला तुम्ही वाळवी म्हणता त्या खांबावर.

दगडफूल:
वाळवी मी म्हटलं नव्हतं, पण शब्द चालेल. जॉर्डनचा दाखला मात्र अर्धाच. 'डर्टी वर्क'च्या श्रेयनामावलीत तालवाद्यांसाठी जॉर्डनचं नाव आहेच, आणि १९८६ मध्ये सेंट लुइसला रॉकचा जुना गायक-गिटारवादक चक बेरीच्या मैफिलीत कीथच्या मागे ड्रमवर तोच होता. ओळख आधीची. वायनोज झाले नसते तरी तो सापडला असता.

पाचतारी:
ओळख असणं वेगळं आणि दोन अल्बम, दोन दौरे कीथच्या मनगटाकडे बघत काढणं वेगळं. कीथ ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, आणि स्टोन्समध्ये ड्रमर गिटारच्या मागून चालतो. हे कागदावर शिकवता येत नाही, शेजारी बसूनच अंगात मुरतं.

बी_बाजू:
दोघंही रॉनीला विसरलात. १९७३ मध्ये रिचमंडला रॉनीच्या घरी तो आपल्या पहिल्या सोलो अल्बमची जुळवाजुळव करत होता. तिथेच 'इट्स ओन्ली रॉक 'न रोल'चा सांगाडा रेकॉर्ड झाला: ड्रमवर फेसेस या बँडचा केनी जोन्स, बासवर विली वीक्स, बारा तारांची अकूस्टिक रॉनीची. कीथने नंतर वर आपल्या गिटार चढवल्या, पण ड्रम आणि बास तसेच ठेवले. १९७४च्या स्टोन्स अल्बमच्या नावाच्या गाण्यात चार्लीही नाही आणि स्टोन्सचा बासवादक बिल वायमनही नाही! आणि रॉनी तेव्हा स्टोन्समध्ये आलेलाही नव्हता.

उलट बाजूने न्यू बार्बेरियन्स बघा. १९७९चा रॉनी-कीथचा जथा, बासवर स्टॅन्ली क्लार्क, ड्रमवर मीटर्स या बँडचा झिगाबू. वाजवणारे एकाहून एक. पण दौऱ्याभोवती 'खास पाहुणे' येणार अशी हवा झाली, मिलवॉकीत कोणीच आलं नाही आणि लोकांनी खुर्च्या मोडल्या. संगीत वाईट नव्हतं. तिकीट दुसऱ्याच कोणाच्या नावावर खपलं होतं.

ठेकेदार:
मला वाटतं तुम्ही सगळे एकाच टोपलीत आंबे-कांदे भरताय. बाहेरचं काम बँडच्या मालाशी स्पर्धा करतं का, एवढंच बघा. मिक बाहेर जाऊन मिकचीच गाणी गातो, म्हणून तिथे ओढाताण. चार्लीचं जॅझ कोणाच्या ताटातलं नव्हतं. १९८६ मध्ये तीसहून अधिक वादकांचा ताफा घेऊन त्याने फुलहॅम टाउन हॉलचा अल्बम काढला. पुढे जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर पाच वादकांचा 'फ्रॉम वन चार्ली' केला, आणि उतारवयात एबीसी अँड डी ऑफ बूगी वूगी. नावातली अक्षरं म्हणजे वादकांचीच: ॲक्सेल, बेन, चार्ली, डेव्ह. हा डेव्ह ग्रीन म्हणजे चार्लीचा लहानपणचा शेजारी. यातून स्टोन्सचं एक गाणंही कमी झालं नाही.

झालाच तर फायदा. चार्लीचा उजवा हात बघा. चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर पडतो, तेव्हा उजवा हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचललेला असतो. बहुतेक रॉक ड्रमर तिथे दोन्ही वाजवतात. चार्लीच्या स्नेअरला म्हणून भोवती मोकळी जागा मिळते. ग्रेट्श कंपनीच्या छोट्या ड्रम-संचावर, हलक्या हाताने जॅझ वाजवत राहिलेल्या माणसालाच ही कंजुषी परवडते.

(बिल वायमनचा ऱ्हिदम किंग्ज हा बँड यात धरू नका. तो १९९३ मध्ये बाहेर पडला होता. ते साइड प्रोजेक्ट नव्हे, निवृत्तीनंतरचा उद्योग.)

बी_बाजू:
पाचतारी, 'टॉक इज चीप'मधलं 'टेक इट सो हार्ड' गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवलं तर बोटं पोचतात पण गाणं मिळमिळीत वाटतं. कुठे चुकतं?

पाचतारी:
ओपन जी लावा, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल असं ट्यूनिंग. सहावी, सर्वांत जाड तार काढून टाका. पाचवी ए वरून जी वर उतरवा, पहिली ई वरून डी वर. चौथी, तिसरी, दुसरी हात लावू नका. जाडीकडून: जी, डी, जी, बी, डी. सहावी का काढायची? ठेवली तर ती डी ला उतरते, आणि कॉर्डचा पाया जी असताना खाली डी घुमत राहतो, सगळं चिखल.

आता पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर (पडद्यावर) आडवं, झाला सी. तिथून न हलता दुसरी तार सहाव्या फ्रेटवर आणि चौथी सातव्यावर दाबा, एफ मिळतो. दाबा-सोडा, दाबा-सोडा. स्टोन्सच्या निम्म्या रिफ (गाण्यात परत परत येणारे गिटारचे तुकडे) या एका हालचालीत आहेत. पहिली तार शक्यतो टाळा.

या धाग्याशी संबंध असा, की हीच हालचाल 'टॉक इज चीप'मध्ये मिकच्या आवाजाशिवाय ऐकू येते. दोन कॉर्डांमध्ये केवढी जागा सोडलेली आहे ते तिथे कळतं.

दगडफूल:
तेच तर! ती जागा मिकसाठीच सोडलेली आहे. कीथ तिथे पुटपुटतो. अल्बम चांगला आहे, पण रिकामी खुर्ची दिसत राहते. आणि मिकचा 'प्रिमिटिव्ह कूल' १९८७ मध्ये अमेरिकेत ४१व्या क्रमांकावर अडला, कारण तिथे गाणारा आहे आणि रिफ नाही. जानेवारी १९८९ मध्ये दोघे बार्बाडोसला बसले आणि ऑगस्टमध्ये 'स्टील व्हील्स' बाजारात होता. एकमेकांशिवाय चालत नाही हे कळायला चार वर्षं घालवली.

ठेकेदार:
आणि २०११चं सुपरहेवी? मिक, ए. आर. रहमान, डेव्ह स्ट्युअर्ट, जॉस स्टोन, डेमियन मार्ली. 'सत्यमेव जयते'मध्ये मिक संस्कृत गातो.

दगडफूल:
गातो. उच्चारांना दहापैकी सहा. पण प्रत्येक गाण्यात प्रत्येकाला एक कडवं द्यायचं म्हटलं की ते स्नेहसंमेलन होतं. तिथे निदान कीथचा एकही रिफ वाया गेला नाही.

बी_बाजू:
तार उतरवली, पण पाचवी फ्रेटवर झणझणते आहे.

पाचतारी:
नेहमीच्या संचातली तार जी वर सैल पडते. तारांचा संच बदला, जाडी इंचात: .०११, .०१५, .०१८, .०३०, .०४२, कीथचीही हीच मापं. आणि टेलिकास्टर गिटारला जुन्या पद्धतीची तीन सॅडल (तारा टेकवायचे तुकडे, एकावर दोन तारा) असतील तर सहावी काढल्यावर त्या बाजूचं सॅडल एकाच तारेवर राहतं आणि तिरकं होतं. आधी ते सरळ करा, मग बाराव्या फ्रेटवर सूर तपासा.