कोरुन्याला शिफ्ट होतोय, घराचं आणि पावसाचं विचारायचंय

नमस्कार मंडळी,
मी पुण्याहून लिहितोय. नोव्हेंबरात बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन कोरुन्याला येतोय, ऑफिस शेजारी अर्तेइशोला आहे. इथे सगळे म्हणतात स्पेन म्हणजे ऊन आणि बीच, पण मी ॲप उघडलं की रोज ढगच दिसतात. बायको मालवणची, ती म्हणते पावसाचं मला काय सांगता. एक एजंट व्हिडिओवर फ्लॅट दाखवतोय, समोर समुद्र, जुनी काचेची गॅलरी, फार आवडलाय, पण करार ११ महिन्यांचा आणि वर एक महिन्याचं भाडं कमिशन. भरू का? आणि शाळेत म्हणे स्पॅनिशबरोबर तिथली गॅलिशियन भाषा पण शिकवतात, पोरीला झेपेल ना?

---

अरे थांब, एक पैसा पाठवू नकोस. ११ महिन्यांचा करार म्हणजे तो ‘तेम्पोरादा’, तात्पुरत्या भाड्याचा दाखवतायत. २०२३ च्या कायद्यापासून नेहमीच्या राहत्या घराच्या करारात एजंटचं कमिशन मालकाने भरायचं असतं, आणि त्या करारात तुला निदान पाच वर्षं राहायचा हक्क मिळतो. तात्पुरता म्हटलं की कमिशन तुझ्या गळ्यात आणि वर्ष संपायच्या आत परत घर शोधा. डिपॉझिट म्हणजे ‘फियान्सा’, ते कायद्याने एक महिन्याचं, वर जास्तीची हमी मागू शकतात पण तिलाही मर्यादा आहे.

दुसरं, पद्रोन. नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, त्याच्यावर पोरीची शाळा, हेल्थ कार्ड सगळं अडतं. आमचा पहिला मालक म्हणाला माझ्या घरी पद्रोन करू नका, आम्ही नवीन, मुकाट ऐकलं, आणि चार महिने मुलाला ताप आला की प्रायव्हेटमध्ये पैसे भरत बसलो. नंतर कळलं की भाडेकरार हातात असला की मालकाची परवानगी लागतच नाही. मला अजून राग येतो त्याचा. तू सही करायच्या आधी लेखी विचार.

आता पाऊस. वहिनींना सांग, मालवणचा पाऊस धो धो पडतो आणि दसऱ्यापर्यंत आवरतं घेतो. इथे वर्षाला साधारण १००० मिमी म्हणजे मुंबईच्या निम्म्यानेही नाही, पण तो ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत थोडा थोडा झिरपत राहतो. बारीक भुरभुर असते तिला ‘ओर्बायो’ म्हणतात, आणि वारा इतका की छत्री उलटीच होते, म्हणून टोपीवालं चांगलं जॅकेट घ्या. पावसाला घाबरू नका, घरातल्या ओलीला घाबरा. आईने दिलेली इरकल मी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवली होती, फेब्रुवारीत काढली तर घडीघडीवर हिरवट ठिपके, आणि वास असा की तीन दिवस गॅलरीत टाकली तरी गेला नाही, मी खूप रडले होते. तेव्हापासून डीह्युमिडिफायर लावते, हिवाळ्यात रोज सकाळी त्याची टाकी भरलेली असते.

म्हणून घर व्हिडिओवर घेऊ नकोस. आधी दोन आठवडे हॉटेलात काढा आणि स्वतः जाऊन बघ. कपाट उघडून वास घे, बाहेरच्या भिंतीला कपाटामागे हात लाव, कोपऱ्यात नुकताच रंग मारलाय का बघ. हीटिंग आहे का आणि कशावर चालतं ते विचार. मारिना भागातल्या काचेच्या गॅलऱ्या दिसायला खरंच देखण्या, वारा अडवून उजेड आत घ्यायला बांधलेल्या, पण लाकडी चौकट जुनी असली की फटीतून गार वारा थेट पांघरुणात. डबल काच आहे का बघ.

आणि डिसेंबरात सूर्य नऊला उगवतो, पोरीला अंधारात शाळेत सोडावं लागेल, मनाची तयारी ठेवा. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड, रियासोर बीचच्या वाळूत पोरं खेळत असतात, २३ जूनच्या रात्री तिथेच सान हुआनच्या सणाच्या शेकोट्या पेटतात. तो महिना बघितलात की हिवाळा विसराल.
– कोरुन्यातली ताई

---

ताईंना अनुमोदन, पण आमच्या विगोला पाऊस तुमच्यापेक्षा बराच जास्त, तेव्हा कोरुन्यावाल्यांनी तक्रार करू नये :) भाषेची काळजी सोड. शाळेत काही विषय स्पॅनिशमधून काही गॅलिशियनमधून, दोन्ही भाषा बहिणीबहिणी आहेत, माझी नात सहा महिन्यांत दोन्ही बोलायला लागली. मोठ्यांचंच अवघड, तेव्हा तुम्ही दोघं आजपासून स्पॅनिशचा क्लास लावा, दवाखान्यात इंग्रजीवर भागत नाही. गाडी चालवणार असशील तर आपलं लायसन्स इथे नुसतं बदलून देत नाहीत, थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून घर बसच्या लाइनवर बघ.
– विगोचे काका

---

ताई, काका, मनापासून आभार. एजंटला पद्रोनचं आणि नेहमीच्या कराराचं लेखी विचारलं, दोन दिवस झाले उत्तर नाही, म्हणजे कळलंच. दोन आठवड्यांचं हॉटेल बुक करतोय. बायको विचारतेय, बांगडा मिळतो का हो तिकडे?

---

मिळतो रे! प्लासा दे लुगोच्या मासळीबाजारात जायचं आणि ‘कबाया’ मागायचा, गॅलिशियनमध्ये ‘शार्दा’. अगदी आपला बांगडा नाही, जरा लांबुळका आणि तेल जास्त, पण तिखलं झकास होतं. तिसऱ्यांसारख्या ‘आल्मेखा’ पण मिळतात. फक्त कोकम आणि तिरफळं वहिनींना बॅगेत जास्तीची घालायला सांग, माझी संपलीयेत.
– कोरुन्यातली ताई