मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणं हे रिकामपणाचं काम आहे?

काठपदर: काल 'साधाविचार' यांनी लिहिलं, 'याद्या घेऊन सोसायट्यांत फिरणारे रिकामटेकडे आहेत, नगरसेवक निवडून लोकशाही वाचत नाही.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. गेल्या विधानसभेला माझ्या सासूबाई, वय ७८, बूथवरून रडत परत आल्या. चाळीस वर्षं एकाच घरात राहून यादीत नाव नाही. मतदानाच्या दिवशी कुठलाही फॉर्म भरून उपयोग नसतो. महिनाभर आधी यादी पाहिली असती तर नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म भरता आला असता. तेव्हापासून आम्ही पाच बायका यादी घेऊन फिरतो. महापालिकेला विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतात. त्या फोडाफोडीत आमची अख्खी गल्ली पलीकडच्या प्रभागात गेली होती. मुदतीत हरकत घेतली म्हणून परत आली.

साधाविचार: रिकामटेकडे हा शब्द चुकला. मुद्दा मात्र सोडत नाही. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नाहीत, सरकारने नेमलेला प्रशासक. यादी कितीही शुद्ध करा, मतदानच नसेल तर तिचं करायचं काय?

काठपदर: मग त्या चार वर्षांत तुम्ही काय केलंत? आम्ही निवेदनं दिली, सह्या गोळा केल्या. तुमच्या सोसायटीतून किती सह्या आल्या?

पाणवठा: याद्या राहू द्या. खरं दुखणं चार सदस्यांचा प्रभाग आहे, एकाच प्रभागातून अ, ब, क, ड असे चार नगरसेवक. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं, दीड महिना मैला दारात. 'अ' जागेवरचे म्हणाले 'क' ला सांगा, 'क' म्हणाले निधी 'ब' कडे. मी चार मतं दिली आणि माझा एकही नगरसेवक नाही. मुंबईत एका वॉर्डाला एक, मग आम्हीच काय पाप केलंय?

आडवाट: एक-सदस्यीय वॉर्डात आरक्षण फिरतं, तेव्हा पाच वर्षं राबलेल्या माणसाला वॉर्डच उरत नाही. माझ्या बहिणीचं तेच झालं. चारच्या प्रभागात निदान एखादी जागा मिळते.

पाणवठा: कोणाला मिळते? पक्षाच्या पॅनेलला. अपक्षाने चौपट मतदारांपर्यंत पोचायचं कसं? प्रभाग पद्धतीची बाजू घेणारा माणूस कुठल्या पक्षाचा असतो ते सगळ्यांना कळतं.

आडवाट: शब्द मागे घ्या. मी कुठल्याही पक्षात नाही. बहीण मग चारच्या प्रभागात अपक्षच लढली होती, पडली, कर्ज अजून फेडतोय. तुम्हाला ड्रेनेजचा राग आहे, तो माझ्यावर काढू नका.

पाणवठा: पक्षाचं बोललो ते मागे घेतो. पद्धतीबद्दलचं एक अक्षरही नाही. तुमची बहीण पडली ती याच पद्धतीमुळे, हे तुम्हीच सांगितलंत.

आडवाट: ती पडली पैशामुळे. लहान वॉर्डात पैसा चालत नाही असं तुम्हाला वाटतं?

पाणवठा: चालतो. पण तिथे नगरसेवक रोज नाक्यावर भेटतो, त्याला तोंड लपवता येत नाही. हा फरक मला पुरेसा आहे.

साधाविचार: धागा प्रभागावर गेला, जाऊ द्या. काठपदर, सोसायटीतून सही एकच आली होती, माझी. मी दुसऱ्या कोणाच्या दारात गेलो नाही. हे कबूल करायला जड जातंय. काल मुलीचं नाव शोधलं, ते अजून जुन्या पत्त्यावर, दुसऱ्या मतदारसंघात आहे. पण चार वर्षांच्या प्रशासकाचं उत्तर यादीत नाही, हे मी म्हणत राहणार.

काठपदर: म्हणत राहा, त्यात मी तुमच्यासोबत आहे. मुलीसाठी सहा नंबर भरू नका, तो पहिल्यांदा नाव घालायला. मतदारसंघ बदलला तरी आता पत्ता बदलायचा आठ नंबरच. आणि जुन्या यादीतून नाव निघालं का, ते बीएलओला, म्हणजे आपल्या बूथची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, जाऊन विचारा.

पाणवठा: आमच्या प्रभागात बीएलओ कोण, हे कुठे कळतं?