जुना क्रॉलर: मोटरीआधी पकड आणि सर्व्हो
आपण वापरलेला ट्रॅक्सास टीआरएक्स-४ हा क्रॉलर, म्हणजे खडकांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी, घेतला असून त्यात सर्वप्रथम ब्रशलेस मोटर बसवावी का, असे विचारले आहे. माझ्या मते मोटर सर्वांत शेवटी बदलावी. क्रॉलरला वेगापेक्षा पकड आणि समतोल अधिक लागतो, आणि वरचे वजन तसेच ठेवून नुसती ताकद वाढवली, तर दौलताबादच्या आसपासच्या बेसाल्टच्या उभ्या चढावर गाडी मागे उलटण्याचीच शक्यता वाढते. म्हणून पितळी वजने पुढच्या ॲक्सलवर, शक्य तितकी खाली बसवावीत, आणि टायरचे रबर कडक झाले असल्यास मऊ रबराचे टायर घ्यावेत.

खरा खर्च सर्व्होवर, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, करावा. दोन दगडांत अडकलेले चाक वळवताना सर्व्हो मोठा विद्युतप्रवाह ओढतो, तेवढा प्रवाह स्पीड कंट्रोलरमधील बीईसीला (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागाला) देता आला नाही तर व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. हा दोष पुष्कळदा रेडिओचा समजला जातो. धातूचे गिअर असलेला, साधारण २५ किलोग्रॅम-सेंटीमीटर टॉर्कचा सर्व्हो आणि त्याला स्वतंत्र बीईसी, ही जोडणी मी आग्रहाने सुचवेन.

पोर्टल ॲक्सलच्या (चाकांच्या मध्यापेक्षा उंच बसवलेल्या ॲक्सलच्या) चाकांजवळील गिअरपेट्या मात्र आधी उघडून पाहाव्यात. आपल्याकडची बारीक काळी माती बेअरिंगमध्ये शिरते, त्यामुळे खरखरणारी बेअरिंगे बदलून नवे ग्रीस भरावे. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी मे महिन्यात उन्हात उभ्या मोटारीत कदापि ठेवू नये.