चिनी जनमत म्हणजे नेमके कोणाचे मत?

मृण्मयी

आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात ‘चीन आणि त्याचे शेजारी’ या विषयावर मला बोलायचे आहे. टिपणे काढताना एका वाक्यापाशी मी वारंवार अडते. जपानशी बेटांवरून वाद झाला, अमेरिकेचे कोणी तैवानला गेले किंवा गलवानसारखी चकमक घडली, की ‘चिनी जनतेत संतापाची लाट’ असे वृत्त येते. जिथे सत्तेसाठी निवडणूक नाही, वृत्तपत्रे पक्षाच्या ताब्यात आहेत आणि समाजमाध्यमांवरचा मजकूर रोज गाळला जातो, तिथल्या लोकांना परदेशांविषयी काय वाटते हे बाहेरच्यांना कळते तरी कसे? हा राग आतून आलेला असतो की पढवलेला? आणि सामान्य चिनी माणूस भारताविषयी कितपत विचार करतो? अभ्यासकांनी केलेल्या पाहण्यांची माहिती असल्यास कृपया सांगावी. दूरचित्रवाणीवरील चर्चांचा संदर्भ मला नको आहे.

पैठणकर

पाहण्या होतात आणि त्यांतल्या काही बऱ्याच जुन्या आहेत. जपानची गेनरॉन एनपीओ ही संस्था चिनी भागीदाराबरोबर 2005 पासून दरवर्षी दोन्ही देशांत पाहणी करते. 2013 मध्ये सुमारे 93 टक्के चिनी उत्तरदात्यांनी जपानविषयी प्रतिकूल मत नोंदवले होते. पुढची काही वर्षे हे प्रमाण बरेच उतरले. 2023 मध्ये ते 63 टक्क्यांच्या आसपास होते आणि 2024 मध्ये पुन्हा जवळजवळ 88 टक्क्यांवर गेले. वर्षभरात एवढी उसळी कशी आली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातील प्रक्रिया केलेले पाणी ऑगस्ट 2023 मध्ये समुद्रात सोडण्यास सुरुवात झाली, चीनने जपानी मासळीवर बंदी घातली आणि सरकारी माध्यमांनी तो विषय लावून धरला. वडिलोपार्जित वैरभाव वर्षभरात पंचवीस टक्क्यांनी वाढत नाही. बातमीच्या प्रवाहाबरोबर जे हलते, तेच अशा आकड्यांत प्रामुख्याने मोजले जाते, असे माझे मत आहे.

याच पाहण्यांत सातत्याने दिसणारी आणखी एक गोष्ट आपल्या टिपणात अवश्य यावी. जपानला जाऊन आलेल्या चिनी लोकांचे मत, न गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे अनुकूल असते. 2019 या एका वर्षात मुख्यभूमी चीनमधून सुमारे 96 लाख प्रवासी जपानला गेले होते. म्हणजे ज्या समाजाचे बहुमत पाहणीत जपानविषयी नाराजी नोंदवते, त्याच समाजातील लाखो कुटुंबे सुट्टीसाठी जपानची निवड करतात.

मात्र परदेशी संस्थेला चीनमध्ये स्वतःहून पाहणी करता येत नाही. परवाना असलेल्या स्थानिक कंपनीमार्फतच ती करावी लागते, त्यामुळे कोणते प्रश्न विचारता येतील यालाही मर्यादा पडते. उत्तरे किती मोकळी असतात, हा त्याहून अवघड भाग आहे. 2024 मध्ये ‘चायना क्वार्टर्ली’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात कम्युनिस्ट पक्षाविषयी थेट प्रश्न विचारला असता पाठिंबा 90 टक्क्यांच्या वर दिसला. उत्तर कोणी दिले हे कळूच नये अशा पद्धतीने तोच प्रश्न विचारल्यावर तो 50 ते 70 टक्क्यांदरम्यान आला. परदेशांविषयीच्या मतांत एवढी भीती गुंतलेली नसावी, कारण जपानला नावे ठेवण्यात चीनमध्ये धोका नाही. धोका असलाच तर जपानची बाजू घेण्यात आहे, आणि त्यामुळे ही आकडेवारी कोणत्या दिशेला झुकत असेल याचा अंदाज बांधता येतो.

वाचस्पती

पैठणकरांनी आकड्यांची बाजू मांडली आहे. मला रस्त्यावरच्या रागाविषयी सांगायचे आहे, कारण सरकारचा हात तिथे अधिक स्पष्ट दिसतो.

सप्टेंबर 2012 मध्ये जपान सरकारने सेनकाकू बेटांपैकी तीन बेटे खासगी मालकाकडून विकत घेतली. चीन या बेटांना दियाओयू म्हणतो. त्यानंतर शंभराहून अधिक चिनी शहरांत मोर्चे निघाले, जपानी दुकानांची आणि गाड्यांची मोडतोड झाली. शिआन शहरात टोयोटा गाडी चालवणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात सायकलचे लोखंडी कुलूप घालण्यात आले आणि त्याला अर्धांगवायू झाला. तो माणूस चिनी होता. अनेक गाडीमालकांनी मागच्या काचेवर ‘गाडी जपानी, मन चिनी’ अशा अर्थाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. 18 सप्टेंबर हा 1931 मधील जपानी आक्रमणाच्या प्रारंभाचा स्मरणदिन, त्या दिवशी निदर्शनांनी कळस गाठला. दुसऱ्याच दिवशी बीजिंग पोलिसांनी नागरिकांच्या मोबाइलवर संदेश पाठवून जपानी वकिलातीच्या परिसरात निदर्शनांसाठी येऊ नये असे कळवले आणि मोर्चे थांबले.

याउलट जुलै 2016 मध्ये हेगच्या लवादाने दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपीन्सच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा काही शहरांत लोक केएफसी या अमेरिकी कंपनीच्या दुकानांसमोर घोषणा देत उभे राहिले. या वेळी सरकारी माध्यमांनी अशा प्रकारांना देशभक्ती म्हणण्यासच नकार दिला. कोणत्या रागाला वाट द्यायची आणि कोणत्या रागाची वाट अडवायची, हा निर्णय वरून होतो. जेसिका चेन वाइस या अभ्यासकांनी हेच विस्ताराने मांडले आहे: निदर्शनांना परवानगी देऊन सरकार परदेशाला ‘आमचे हात बांधलेले आहेत’ असे दाखवू शकते आणि मोर्चे रोखून तडजोडीची तयारी सुचवू शकते.

परंतु पेटवलेली आग दर वेळी हातात राहतेच असे नाही. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानला जाणार म्हटल्यावर सरकारी माध्यमांनी एवढी हवा तापवली होती, की त्या सुखरूप उतरल्यावर वेइबो या चिनी समाजमाध्यमावर अनेकांनी स्वतःच्याच सरकारवर दुबळेपणाचा आरोप केला.

शरयू

वरील दोन्ही प्रतिसादांतून एक गैरसमज होण्याची शक्यता आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून हरकत घ्यावीशी वाटते. राग सरकार सोडते आणि अडवते, म्हणून तो सरकारचाच आहे, असे ठरत नाही. 1937 च्या डिसेंबरात नानजिंगमध्ये जपानी सैन्याने केलेला नरसंहार ही कोणी रचलेली कथा नाही. त्या युद्धात कोट्यवधी चिनी लोक मारले गेले किंवा बेघर झाले, आणि घराघरांतून त्याच्या आठवणी पुढे आल्या. 1990 च्या दशकात सुरू झालेल्या देशभक्तीपर शिक्षणाने त्या आठवणींना ठरावीक आकार दिला, हे मान्य. पण मूळ वेदना लोकांचीच आहे.

दुसऱ्या बाजूने हेही पाहावे. जून 2024 मध्ये सुझोउ येथे जपानी शाळेच्या बसथांब्यावर एका इसमाने सुरीहल्ला केला. बसमधील मदतनीस हू यौपिंग यांनी त्याला अडवले आणि त्यात त्यांचा प्राण गेला. शहराने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला, बड्या समाजमाध्यम कंपन्यांनी जपानद्वेष्टा मजकूर काढण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी 18 सप्टेंबरला शेन्झेनमध्ये शाळेत निघालेल्या दहा वर्षांच्या जपानी मुलावर हल्ला झाला आणि तो दगावला, तेव्हा स्थानिक चिनी नागरिकांनी शाळेच्या फाटकाशी येऊन फुले ठेवली. चिनी जनमताविषयी बोलताना ही माणसेही मोजली गेली पाहिजेत.

पैठणकर

शरयूताईंशी सहमत आहे. भारताविषयीचा प्रश्न राहिला होता, म्हणून पुन्हा लिहितो.

आपल्या मनात चीन जेवढी जागा व्यापतो, त्याच्या अंशानेही भारत चिनी मनात नाही. अमेरिका, जपान आणि तैवान यांनी ती जागा आधीच घेतलेली आहे. गलवानचेच पाहा. 15 जून 2020 च्या चकमकीत आपले 20 जवान हुतात्मा झाले आणि त्यांची नावे व अंत्ययात्रा देशाने पाहिल्या. चीनने आपले चार सैनिक मरण पावल्याचे 19 फेब्रुवारी 2021 रोजी, म्हणजे आठ महिन्यांनी जाहीर केले. तोपर्यंत तिथल्या लोकांना शोक करण्यासाठी एकही नाव मिळाले नव्हते. नावे आली आणि वेइबो श्रद्धांजलीने भरून गेले. मृतांच्या संख्येवर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगलेखकाला मात्र आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला.

2017 मध्ये ‘दंगल’ने चीनमध्ये भारतातल्यापेक्षा अधिक कमाई केली. तो तिथल्या चित्रपटगृहांत असतानाच जूनमध्ये डोकलामचा पेच सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेने पगडी व दाढी लावलेले पात्र दाखवून भारताची टिंगल करणारी चित्रफीत काढली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये चिनी जखमींची सेवा करताना वारले. त्यांचे स्मारक शिज्याझुआंगमध्ये आजही सांभाळलेले आहे. या सर्व गोष्टी एकाच समाजात एकाच वेळी नांदतात. चिनी संस्थांच्या अलीकडच्या पाहण्यांत रशियाविषयी सर्वाधिक आपुलकी आणि अमेरिका, जपान यांच्या जोडीने भारताविषयीही नाराजी दिसते. तरीही तैवानसारखी धग त्या नाराजीत नाही.

मृण्मयी

सर्वांचे आभार. तैवानविषयी स्वतंत्र पाहणी उपलब्ध आहे का? ‘बहुसंख्य चिनी लोकांना युद्ध हवे आहे’ असे ठाम विधान मी एका लेखात वाचले.

वाचस्पती

तो लेख बहुधा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावर बेतलेला असावा. अॅडम लिउ आणि शिआओजुन ली यांनी चीनभरातील 1,824 लोकांना तैवानबाबतचे वेगवेगळे मार्ग एकेक करून विचारले होते. पूर्ण युद्धाला 55 टक्क्यांनी संमती दिली आणि सुमारे एक तृतीयांश लोकांनी विरोध केला. परंतु आर्थिक निर्बंध किंवा आहे तीच स्थिती चालू ठेवणे अशा सौम्य मार्गांनाही जवळपास तेवढाच पाठिंबा मिळाला, आणि युद्ध सोडून बाकी सर्व पर्याय अमान्य करणारे लोक 1 टक्का भरले. दोन्ही बाजूंच्या राज्यव्यवस्था वेगळ्या राहिल्या आणि एकीकरण झालेच नाही तरी चालेल, असे म्हणणारे 22 टक्के होते. व्याख्यानात 55 हा आकडा सांगणार असाल, तर हे दोन आकडेही त्याच दमात सांगावेत.