होस्टेलमधला मुलगा रोज एकटा पितोय, वस्तू देऊन टाकतोय. आज रात्री काय करावं?

प्रश्न (रेक्टर, मुलांचं वसतिगृह)
मुलगा दुसऱ्या वर्षाला. महिनाभर मेसला येत नाही, डबा खोलीवर मागवतो आणि तोही अर्धा परत येतो. रोज रात्री एकटाच पितो. काल ड्राफ्टर आणि कॅल्क्युलेटर रूममेटला देऊन म्हणाला, 'मला आता लागणार नाही.' जीव देण्याबद्दल थेट विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल का? बाटल्या जप्त करू का?

समुपदेशक
आजच विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. शेजारी बसा, फोन बाजूला ठेवा आणि सरळ शब्दांत म्हणा: 'जीव द्यावासा वाटतो का?' 'तसलं काही नाही ना?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' असंच येणार. 'हो' म्हणाला तर पुढे: कसं, कधी ते ठरवलंय का? साधन हाताशी आहे का? पूर्वी प्रयत्न केला होता का? वस्तू वाटून टाकणं हीच मोठी खूण आहे, त्यामुळे 'नाही' म्हणाला तरी आज रात्री सोबत माणूस हवा. खोलीतली औषधं तुमच्याकडे घ्या. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'आईबापाचा विचार कर' तर नकोच. आपण त्यांच्यावर ओझं झालोय असंच त्याला आधीपासून वाटत असू शकतं.

मनोविकार विभाग, निवासी डॉक्टर
बाटल्या काढून खोलीत एकटं ठेवणं सर्वांत वाईट. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दवाखान्यात नेताना चार गोष्टी लिहून न्या: रोज किती, कधीपासून, शेवटची कधी, सोबत कुठल्या गोळ्या. हाका मारून उठत नसेल तर कुशीवर वळवा, १०८ लावा. प्यायलेला असताना 'मी ठीक आहे' म्हणाला तर ते खरं धरू नका, उतरल्यावर पुन्हा विचारा.

विद्यार्थी कल्याण
टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. रेक्टरनेही फोन करावा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतो, शिक्षा करत नाही. घरच्यांना कळवा, पण होस्टेलमधून काढू नका. दवाखान्यातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. तेव्हा मेसच्या टेबलावर त्याच्यासोबत रोज कोण बसणार, हे नावानिशी आधीच ठरवून ठेवा.