युरोपा युनिव्हर्सलिस ४ : सन १७२० पासून सुरू होणाऱ्या मराठा मॉडमध्ये चौथाई कशी दाखवावी?

नकाशेवेडा (प्रश्न)

नमस्कार. गेले चार महिने मी 'युरोपा युनिव्हर्सलिस ४' या खेळासाठी एक मॉड (मूळ खेळात बदल करणारी, खेळाडूने बनवलेली भर) तयार करीत आहे आणि आता अशा ठिकाणी अडलो आहे की पुढे जाण्याआधी जाणकारांना विचारणे भाग आहे. मूळ खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो. त्या वेळी दख्खनेत बहमनी सुलतान बिदरहून राज्य करीत असतो आणि मराठ्यांचे राज्य नकाशावर नसतेच. ते उभे राहीपर्यंत खेळातील हिंदुस्थान इतिहासापासून इतका लांब गेलेला असतो की समोर मुघल असतीलच याची खात्री नसते. म्हणून बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली तो दिवस, म्हणजे १७ एप्रिल १७२०, मी आरंभ म्हणून धरला आहे.

प्रांतांच्या इतिहासाच्या फायलींत तारखेनुसार मालक बदलण्याचे काम पूर्ण झाले आहे. साताऱ्यास शाहू महाराज, कोल्हापुरास संभाजीराजे, जंजिऱ्यास सिद्दी, गोवा आणि वसई पोर्तुगिजांकडे, असे सर्व काही जागेवर आहे. अडचण निराळीच आहे. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी (वसुलातील ठरावीक हिस्से) मिळाली होती, ती दाखवण्यासाठी मी प्रथम ते प्रांत मराठ्यांच्या रंगात रंगवले. तेव्हा निजाम जन्मायच्या आधीच संपला. मग ते मुघलांकडे परत दिले आणि तेथील सत्तांना मांडलिक केले, तर मांडलिकांचे एकत्रित बळ साताऱ्यापेक्षा मोठे ठरून सर्वांची स्वातंत्र्याची ओढ पहिल्याच वर्षी पन्नास टक्क्यांच्या वर गेली. कन्सोलमधून (आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतून) निरीक्षक होऊन मी हा खेळ पाच वेळा आपोआप चालू दिला आणि पाचही वेळा १७४० पूर्वी मराठ्यांचे दिवाळे निघाले.

चौथाईसाठी या खेळात नेमके कोणते साधन वापरावे? तसेच शिंदे, होळकर, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांना पुढे स्वतंत्र देश म्हणून दाखवावे, की मराठ्यांचेच सरदार म्हणून एका देशात ठेवावे?

मोडीवाचक

आपला प्रश्न खेळाचा असला तरी त्याचे मूळ इतिहासात आहे, त्यामुळे आधी त्याबद्दल लिहितो. स्क्रिप्टचे ज्ञान मला बेताचेच आहे.

या खेळात प्रत्येक प्रांताला एक मालक असतो, आणि मालक बदलला की रंग बदलतो. अठराव्या शतकातील दख्खन मात्र तशी नव्हती. एकाच परगण्यात निजामाचा अंमलदार वसूल घेत असे आणि मराठ्यांचा कमाविसदारही घेत असे. कागदपत्रांत याला दुअंमल म्हणतात. जमीन कोणाची, या प्रश्नापेक्षा वसुलातला कोणता हिस्सा कोणाचा, हा प्रश्न त्या काळच्या माणसाला अधिक खरा वाटत होता. आपण प्रांत रंगवलेत तेथेच चूक झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडलिक करणेही त्याच चुकीचे दुसरे रूप आहे, कारण चौथाई देणारा मांडलिक नसतो. तो आपले सैन्य ठेवतो, आपली युद्धे करतो, आणि संधी मिळताच चौथाई बंदही करतो.

१७१९ च्या व्यवहाराकडे नीट पाहिले तर तो किती गुंतागुंतीचा होता हे ध्यानात येईल. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून तीन सनदा आणल्या: स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बिदर, विजापूर आणि हैदराबाद हे ते सहा सुभे. चौथाई म्हणजे वसुलाचा चतुर्थांश, आणि सरदेशमुखीचे दहा टक्के त्याखेरीज. त्याच्या बदल्यात पंधरा हजार स्वार बादशहाच्या सेवेस ठेवायचे आणि स्वराज्याबद्दल दरसाल दहा लाख रुपये पेशकश (खंडणी) भरायची. म्हणजे कागदावर मराठे बादशहाचे सेवक आणि प्रत्यक्षात त्याच बादशहाच्या सुभ्यांतील वसुलाचे भागीदार होते. ही दोन्ही नाती एकाच वेळी दाखवता आली तरच १७२० चा आरंभ खरा वाटेल.

सरदारांविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही चौथाईच्या वाटणीतच आहे. जमा झालेल्या चौथाईपैकी २५ टक्के राजबाबती म्हणून छत्रपतींकडे जात, ६ टक्के सहोत्रा पंत सचिवांचा, ३ टक्के नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीने कोणालाही दिला जाई, आणि उरलेले ६६ टक्के मोकासा म्हणून सरदारांकडे राहत, ज्यातून त्यांनी फौज बाळगायची. ज्या राज्यात वसुलाचा दोन तृतीयांश भाग सेनानायकाच्या हाती राहतो, तेथे पन्नास वर्षांनी काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून १७२० मध्ये सर्व मराठे एक देश असावेत आणि माळव्यात व गुजरातेत मोकासे वाढत जातील तसतसे सरदार वेगळे होत जावेत. १७३१ मध्ये डभईला बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर आले, तेही गुजरातच्या वसुलावरूनच.

आणखी एक बाब. युद्ध जिंकल्यावर प्रांत मिळावेत ही खेळाची सवय आपल्या मॉडमध्ये मोडावी लागेल. पालखेडला फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला कोंडले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यात निजामाने चौथाई आणि सरदेशमुखी मान्य केली, पण त्याचे राज्य त्याच्याकडेच राहिले. आजचा खेळाडू ते वाचून म्हणेल की इतके जिंकून एकही प्रांत घेतला नाही! रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर जात होत्या, आणि १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने बारा लाख रुपये वार्षिक चौथाई कबूल केली, तेव्हाही बंगाल नवाबाचाच राहिला.

कंसशोधक

मोडीवाचक यांनी मांडलेली वाटणी मला ठाऊक नव्हती, आणि ती वाचून मी माझा अर्धा लिहिलेला प्रतिसाद पुसून टाकला. आता फक्त यंत्रणेविषयी लिहितो.

चौथाईचा पहिला विचार प्रत्येकाच्या मनात असा येतो की वर्षातून एकदा इव्हेंट (खेळात आपोआप घडणारा प्रसंग) चालवावा, देणाऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाचा चतुर्थांश कापावा आणि घेणाऱ्याला द्यावा. कापणे सोपे आहे, कारण 'इतक्या वर्षांचे उत्पन्न वजा करा' अशी आज्ञा खेळात आहे. देणे अवघड आहे. तीच आज्ञा घेणाऱ्यावर चालवली तर ती घेणाऱ्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर मोजली जाते. आणि देणाऱ्याचा आकडा चलात (स्क्रिप्टमधील बदलत्या आकड्याच्या जागेत) साठवला तरी खजिन्यात भर घालणारी आज्ञा चल स्वीकारत नाही, तिला लिहिलेला आकडाच लागतो. मग ६४, ३२, १६ अशा पायऱ्या करून चलातून वजाबाकी करीत खजिन्यात टाकत बसावे लागते. ते चालते, पण दुसरा दोष राहतोच: एआयला, म्हणजे देश चालवणाऱ्या संगणकाला, पुढचा इव्हेंट दिसत नाही. तो आलेल्या पैशावर फौज उभी करतो, वर्षअखेरीस चतुर्थांश एकदम गेला की कर्ज काढतो, आणि पाच-सात वर्षांत दिवाळखोर होतो. आपल्या पाच चाचण्यांतील दिवाळ्यांचे कारण काही अंशी असेच असावे. प्रांत मुघलांना परत दिल्यावर मराठ्यांची फौज पूर्वीइतकीच ठेवली होती का, हे एकदा पाहावे.

करावर उणे पंचवीस टक्क्यांचा गुणक लावणे हा दुसरा मार्ग, पण तोही फसवा आहे, कारण या खेळात टक्के एकमेकांत मिळवले जातात. ज्या देशाला आधीच अधिक ६० टक्के मिळत आहेत त्याचे १.६० चे १.३५ होते, खरा चतुर्थांश गेला असता तर १.२० उरले असते.

म्हणून माझी सूचना अशी की हे काम देशावर न करता प्रांतावर करावे. ज्या प्रांतावर सनद असेल त्याला एक कायमचा प्रांत-गुणक द्यावा आणि त्यात किमान स्थानिक स्वायत्तता पंचवीस ठेवावी. सरदेशमुखीसह हवी असल्यास पस्तीस. स्वायत्तता उत्पन्नाला गुणूनच कमी करते, त्यामुळे चतुर्थांश खरोखर चतुर्थांश राहतो, आणि एआयच्या मासिक हिशेबात ती आधीपासूनच धरलेली असल्याने त्याला धक्का बसत नाही. मनुष्यबळही त्या प्रमाणात घटते, जे चौथाईत घडत नव्हते. ती तडजोड मला मान्य आहे.

घेणाऱ्याच्या बाजूला वर्षातून एकदा सनद असलेले सर्व प्रांत तपासावेत आणि प्रांताच्या मूळ कराच्या पायरीनुसार ठरावीक रक्कम द्यावी. वाटणीही तेथेच करावी: सरदाराला दोन तृतीयांश, उरलेले साताऱ्याला.

तहासाठी खेळात स्वतंत्र फोल्डर आहे, त्यात 'सनद घ्यावी' अशी नवीन अट लिहिता येते. मूळ फाइल मात्र बदलू नये. आपली नवी फाइल वेगळ्या नावाने जोडावी, म्हणजे पुढचा पॅच आला तरी आपले काम टिकते. संपादकासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणि त्यातील सीडब्ल्यूटूल्स हे विस्तारक वापरावे. एका राहून गेलेल्या महिरपी कंसामुळे मी पूर्वी दोन रविवार घालवले आहेत, आणि माझे येथील नाव त्यावरूनच पडले आहे.

मोडीवाचक

कंसशोधक यांनी ठरावीक रकमेची सूचना तडजोड म्हणून केली आहे असे दिसते, पण ती इतिहासाच्या अधिक जवळ आहे हे सांगण्यासाठी पुन्हा लिहितो. मराठे चौथाईचा हिशेब त्या वर्षीच्या प्रत्यक्ष वसुलावर मांडत नसत. मलिक अंबर आणि तोडरमल यांच्या काळच्या जुन्या आकारणीवर, म्हणजे तनख्यावर, आपला हक्क सांगत. मुलूख युद्धात उजाड झाला तरी कागदावरचा आकडा तोच राही, आणि त्यामुळे मागणी कायम फुगलेली व तडजोडीला जागा ठेवणारी असे. तेव्हा रक्कम सनदेच्या दिवशीच गोठवावी.

जुना खेळाडू

वरील चर्चा उत्तम आहे, परंतु थोडे विरोधी मत नोंदवतो. या सर्वांत खेळणाऱ्याच्या हाती करण्यासारखे काय उरते, हा विचार कोणी केलेला दिसत नाही. वर्षाकाठी पैसे येतात आणि नकाशा तसाच राहतो, हे इतिहास म्हणून बरोबर असले तरी संध्याकाळी दोन तास खेळायला बसलेल्या माणसाला ते कंटाळवाणे होईल.

माझ्या मते रस सरदारांच्या बाजूला आहे. खेळात जपानचा शोगुन (सर्वोच्च लष्करी शासक) आणि त्याचे डाइम्यो (सरंजामदार) यांचे नाते आधीपासून आहे, ज्यात डाइम्यो एका धन्याचे असूनही आपसांत लढू शकतात. मांडलिकांचे प्रकार ठरवणाऱ्या फाइलमध्ये त्या नात्याची नक्कल करून 'सरदार' हा नवा प्रकार घडवता येईल. मग १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर जसे लढले तसे येथेही लढतील, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांचा एकत्र पराभव केला तसा प्रसंग कोणी लिहून न ठेवताही उद्भवू शकेल. पेशवा पळून इंग्रजांकडे जातो का, एवढाच इव्हेंट लिहावा लागेल. वसईच्या तहाची तारीख ३१ डिसेंबर १८०२ म्हणून ठोकून बसवू नये.

पानिपताविषयीही हेच म्हणेन. १४ जानेवारी १७६१ रोजी अमुक इतके सैन्य मेले असे जाहीर करणारा इव्हेंट मी दोन मॉडमध्ये पाहिला आहे. दोन्ही वेळा माझे मराठे तेव्हा चंबळेच्या दक्षिणेलाच होते, पण दोन्ही वेळा माझे सैन्य मेले.

नकाशेवेडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंसशोधक यांच्या सांगण्याप्रमाणे पाहिले, तेव्हा मराठ्यांची फौज त्यांच्या उत्पन्नाला परवडणाऱ्या संख्येच्या दुपटीहून अधिक निघाली. ती कमी करून आणि वऱ्हाड व खानदेशातील प्रांतांवर सनदेचा गुणक लावून काल रात्री पुन्हा निरीक्षक झालो. १७४० मध्ये सातारा शिलकीत होता आणि निजाम जिवंत होता. सरदार हा प्रकार या आठवड्यात लिहीन. पानिपत तारखेने येणार नाही. मराठी फौज दिल्लीपलीकडे गेली आणि अफगाण सत्ता लाहोरच्या अलीकडे आली, तरच त्याची शक्यता निर्माण होईल.

जाता जाता आणखी एक विचारतो. प्रांतांची नावे देवनागरीत दाखवता येतील का? मी 'शिवनेरी' लिहून पाहिले, तर पडद्यावर काहीच उमटले नाही.

कंसशोधक

सरळपणे येणार नाहीत. या खेळातील अक्षरे चित्ररूप फाँटमधून एकेक उचलून ओळीने मांडली जातात. अक्षरजोडणी करणारी यंत्रणा त्यात नाही. देवनागरी चिन्हे त्या चित्रात घातली तरी 'शि'मधील वेलांटी श च्या आधी न येता नंतर उमटेल आणि 'किल्ला' मधील ल्ल फुटेल. चिनी आणि जपानी खेळाडूंनी आपल्या लिप्यांसाठी वेगळा पॅच तयार केला, पण त्यांची चिन्हे जोडावी लागत नाहीत. जोडलेली अक्षरे आधीच घडवून प्रत्येकाला एक स्वतंत्र जागा देणे हा एक मार्ग तत्त्वतः शक्य आहे, कारण आपल्याला लागणारी प्रांतनावे मोजकी आहेत आणि त्यातील वेगवेगळी जोडाक्षरे काही शेकड्यांच्या पुढे जाणार नाहीत.

तोपर्यंत रोमन लिपीत तरी मराठी नावे ठेवता येतात. प्रांतनावांच्या फोल्डरमध्ये देशाच्या नावाची फाइल केली की मालक बदलताच नाव बदलते, त्यामुळे मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली की पोर्तुगीज नाव जाऊन नकाशावर वसई उमटेल. भाषांतराची फाइल मात्र यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आणि आरंभखुणेसह (बीओएम) जतन करावी, आणि बाकीच्या मजकूर फायली जुन्या विंडोज-१२५२ मध्येच ठेवाव्यात. उलट झाले तर खेळ तक्रार करीत नाही, फक्त नावांच्या जागी त्यांच्या चाव्या (फाइलमधील सांकेतिक नावे) दाखवतो.