मामा तलावात राबल्या, मस्टरवर (हजेरीपटावर) मात्र गैरहजर. मजुरी कशी मिळवावी?

मदत हवी आहे, तीही लवकर. मृग लागायला जेमतेम पंधरवडा उरलाय आणि पाऊस आला की आमचा पुरावा पाण्याखाली जाणार.

मी नागपूरला नोकरीला, घर भंडारा जिल्ह्यात, धानपट्ट्यात. गावच्या मामा तलावात (बाहेरच्यांसाठी: माजी मालगुजारी तलाव) यंदाच्या, म्हणजे 2025 च्या उन्हाळ्यात रोजगार हमीतून गाळ काढायचं काम निघालं. माझी माय आणि मोहल्ल्यातल्या तेरा बाया एका गटात. पहाटे साडेपाचला डबा घेऊन निघायचं, ऊन तापायच्या आत जेवढं होईल तेवढं खोदायचं. वरचा गाळ भुसभुशीत, पण हातभर खाली माती अशी कडक की सब्बल उडते.

पहिल्या मस्टरचे पैसे आले. दर 312 रुपये, पण मजुरी मापावर, म्हणून हाती रोजाचे 270 च्या आसपास पडले. त्याची तक्रार नाही. घोळ झाला दुसऱ्या आठवड्यात. हजेरी आता ॲपवर, सकाळी एक फोटो, दुपारी एक. तलावाच्या पोटात रेंज शून्य. मेट पोरगी (गटाची हजेरी घेणारी) फोटो काढून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायची आणि मोबाइल डोक्यावर धरून उभी राहायची. चार दिवसांचे दुपारचे फोटो गेलेच नाहीत म्हणे. ऑनलाइन मस्टरवर त्या चारही दिवशी चौदा जणी गैरहजर. म्हणजे छप्पन रोज बुडाले.

रोजगार सेवक म्हणतो, माझ्या हातात काही नाही. तालुक्याचा ऑपरेटर म्हणतो, मस्टर बंद झालं. माय त्याला म्हणाली, “आमी खोटं बोलतो का जी? चाला, गड्डे दाखवतो.” त्यानं मान वर केली नाही.

गड्डे अजून तसेच आहेत. मापासाठी मधोमध सोडलेले मातीचे खुंटसुद्धा उभे आहेत. मी रविवारी टेप लावून सगळे मोजले, फोटो काढले. पण माझ्या टेपला सरकारदरबारी काय किंमत? नेमका अर्ज कोणाकडे करायचा, आणि त्यात काय लिहायचं?

अजून एक. गटातल्या एका मावशीचे पहिल्या मस्टरचे पैसेही दिसत नाहीत. ऑनलाइन ‘जमा’ दाखवतं, पासबुक कोरं.

प्रतिसाद 1

भाऊ, आधी त्या मेट पोरीला सांगा, मोबाइलमधून ॲप काढू नको, डेटा पुसू नको. रेंज नसताना काढलेले फोटो ॲपमध्येच साठून राहू शकतात. ते सापडले तर तुमचं अर्धं काम झालं.

अर्ज तहसीलदारांच्या नावे. आपल्या राज्यात तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी तेच. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अशी तक्रार सात दिवसांत निकाली काढायची असते, म्हणून पोच घेतल्याशिवाय हलू नका. तारीख आणि शिक्का हवाच. पैसे द्या एवढंच लिहू नका. ‘पाऊस येण्यापूर्वी अभियंत्याने मजुरांसमोर माप घ्यावे’ ही मागणी पहिली लिहा, कारण मापाशिवाय पुढचं काहीच हलत नाही. ॲप चाललं नाही तर हाताने हजेरी मान्य करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, तेही लिहा.

सात दिवसांत काही झालं नाही तर जिल्ह्याचे तक्रार निवारण प्राधिकारी. उशिराची भरपाईही मागा. मस्टर बंद झाल्यावर सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के, म्हणजे 300 रुपयांवर दिवसाला पंधरा पैसे. हसू येईल, पण मागा. त्यानिमित्ताने उशीर कागदावर येतो.

काम मागताना नमुना 4 भरला होता ना? त्याची पोच, म्हणजे नमुना 5, जोडा.

प्रतिसाद 2

मावशींचं मी सांगते, आमच्याकडे सासूबाईंचं असंच झालं होतं. आता पैसे आधारवरून जातात, आणि आधारला जे खातं शेवटी जोडलं तिथे जातात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव दिसेल. सासूबाईंनी सिम घेताना मशीनवर अंगठा दिला होता, दुकानदारानं त्यांच्या नावे खातंच उघडून ठेवलं होतं. सगळे पैसे तिथे सुखरूप होते.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ताई, अगदी तसंच निघालं. मावशीनं दिवाळीत सिम घेतलं होतं.

मेटच्या मोबाइलमध्ये दोन दिवसांचे फोटो सापडले. उरलेल्या दोन दिवसांचं कळत नाही, मधे तिच्या भावानं मोबाइल साफ केला होता. नमुना 4 सगळ्यांनी भरला, पोच एकीकडेही नाही.

सोमवारी अर्ज घेऊन जातो. आता मायचा प्रश्न विचारतो: तहसीलला चौदाही जणींनी यायला हवं, की दोघी-तिघी आणि बाकीच्यांच्या सह्या-अंगठे चालतील? तेंदूपत्ता संपत आलाय, आणि एक दिवस पाडला की तेवढे पुडे गेले.